नागपुरात किरायाचा फ्लॅट: मॅनेजरशी बोलणी कशी करायची

नागपुरात नव्याने आलेल्या माणसाची घरमालकाशी गाठ पडेलच असं आता राहिलेलं नाही. मालक पुण्यात, बंगळुरूत, नाहीतर थेट न्यू जर्सीत. किल्ली मात्र इथे कुणाकडे तरी असते. कधी मालकाचा मेहुणा, कधी बिल्डरचं मेंटेनन्स ऑफिस, कधी पाच-पंचवीस फ्लॅट सांभाळणारा ब्रोकर, आणि वर्धा रोडकडच्या मोठ्या फ्लॅट स्कीममध्ये (इथे फ्लॅटच्या इमारतीला किंवा संकुलाला स्कीमच म्हणतात) रीतसर प्रॉपर्टी मॅनेजमेंटवाले. या सगळ्यांना इथे मी सरसकट मॅनेजर म्हणतो. मालकाशी बोलतो तसं यांच्याशी बोलायला गेलं की गाडी अडते, कारण समोरच्याच्या हातात काय आहे याचाच पत्ता नसतो.

साधारण मामला असा असतो. भाड्याचा आकडा मालकाने ठरवून दिलेला. तो खाली आणायचा तर मॅनेजरला फोन करून परवानगी मागावी लागते, आणि बहुतेकदा त्याचं स्वतःचं कमिशनही त्याच आकड्यावर असतं. पण भाडं कोणत्या तारखेपासून मोजायचं, दरवर्षी वाढ किती, रंगाचा खर्च कुणाचा, कूलर कुठे लावायचा, नोटीस किती दिवसांची, या गोष्टींवर मालकाने विचारच केलेला नसतो. तिथे मॅनेजरला बरीच मोकळीक असते. म्हणून आकड्यावर एकदा बोला आणि अटींवर तासभर बोला. खालच्या पायऱ्या त्याच बेताने लावल्या आहेत.

पायरी १: भाग आणि वेळ

भागाबद्दल थोडक्यात. मिहान (विमानतळाजवळचा कंपन्यांचा भाग), एम्स किंवा आयआयएममध्ये काम असेल तर मनीषनगर, बेसा, बेलतरोडी, सोमलवाडा हा पट्टा. हिंगणा एमआयडीसी असेल तर त्रिमूर्तीनगर, सुभाषनगर, लोकमान्यनगर. हायकोर्ट किंवा सिव्हिल लाइन्समधली कचेरी असेल तर सदर, धरमपेठ, नाहीतर मेट्रोच्या रेषेवर कुठेही. ऑरेंज लाइन खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक जाते, ॲक्वा लाइन लोकमान्यनगर ते प्रजापतीनगर, आणि दोन्ही सीताबर्डीला भेटतात. स्टेशनपासून पायी जाता येत असेल तर मॅनेजर भाड्यात तेवढी भर घालूनच बोलतो. तुमच्याकडे गाडी असेल आणि मेट्रोने जायचंच नसेल, तर ती भर देण्याचं कारण नाही. एक गल्ली आत बघा.

वेळेचं म्हणाल, तर मार्चअखेर ते जुलै घासाघीस करण्याचे दिवस नव्हेत. शाळा संपतात, बदल्या होतात, जून-जुलैत विद्यार्थी येतात, आणि मॅनेजरकडे एका फ्लॅटमागे तीन फोन असतात. पितृपक्षात उलट. नवीन घरात जायला लोक कचरतात, रिकामे फ्लॅट तसेच पडून असतात, आणि मालक दर दोन दिवसांनी मॅनेजरला फोन करून विचारत असतो, “काय झालं मग?” तुम्हाला त्या पंधरवड्याची अडचण नसेल तर बोलणी तेव्हा करा. पौषातही थोडंफार असंच असतं.

एक सूचना लगे हात. ऑनलाइन जाहिरातीत फ्लॅट फारच स्वस्त दिसतोय, समोरचा “मी फौजेत आहे, पोस्टिंगवर आहे” म्हणतोय आणि फ्लॅट दाखवण्याआधी टोकन मागतोय, तर फोन ठेवून द्या. हा सापळा देशभर चालतो.

पायरी २: “हो” म्हणायचा हक्क कुणाला आहे?

पहिल्याच भेटीत विचारा, “भाऊ, करारावर सही कोण करणार?” उत्तर “मालक स्वतः येतील” असेल तर ठीक. “मीच करतो” असेल तर मुखत्यारपत्र (पॉवर ऑफ ॲटर्नी) पाहायला मागा. भाड्याने देणं, करार नोंदवणं, डिपॉझिट घेणं यांचा उल्लेख त्यात आहे का, तेवढं वाचा. मेहुणा आहे, पुतण्या आहे, सोसायटीचा सेक्रेटरी आहे, एवढ्याने कायद्यात काही होत नाही.

मालकी तपासायला तीन कागद पुरेत: महावितरणचं ताजं बिल, मालमत्ता कराची पावती आणि खरेदीखताचा इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा उतारा). तिन्हींवर एकच नाव असेल तर उत्तम. वीजबिलावर बिल्डरचंच नाव असेल तर लगेच घाबरू नका, पुष्कळांचं ते बदललेलं नसतं. पण मग इंडेक्स टू पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

मालक परदेशात राहतो असं कळलं तर पुढचा प्रश्न कराचा. अनिवासी भारतीय मालकाला भाडं देताना टीडीएस (भाड्यातून आधीच वळता करायचा प्राप्तिकर) कापून भरण्याची जबाबदारी भाडेकरूवर येते, आणि त्याला भाड्याची कुठलीही किमान मर्यादा नाही. हे मॅनेजर स्वतःहून सांगत नाही. करार करण्याआधी एखाद्या सीएला विचारा, त्याची फी किती होईल ते काढा, आणि तो खर्च बोलणीत मांडा. “मालक तिकडे असल्यामुळे मला दरवर्षी एवढा खर्च येतोय” हे भाडं कमी मागण्याचं खरोखर वजनदार कारण आहे. मालक भारतातच असेल आणि भाडं महिना ५० हजारांच्या आत असेल, तर पगारदार भाडेकरूला टीडीएसची ही भानगड नाही. मात्र जुन्या करप्रणालीत घरभाडे भत्त्याची सूट घ्यायची असेल आणि वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर जात असेल, तर मालकाचा पॅन लागतो. तो मिळणार का, हे आत्ताच विचारून घ्या. मार्च महिन्यात विचाराल तर मॅनेजर फोन उचलणार नाही.

पायरी ३: फ्लॅट भर दुपारी पाहा

मॅनेजर संध्याकाळी सहाला बोलावतो. तुम्ही दुपारी तीनची वेळ मागा. नागपूरचा मे महिना ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि वरच्या मजल्याचा पश्चिमेकडची भिंत असलेला फ्लॅट तेव्हा कसा असतो हे संध्याकाळी कळत नाही. भिंतीला हात लावून पाहा. हिवाळ्यात पाहत असाल तर वर गच्ची आहे का, गच्चीवर पांढरा उष्णतारोधक रंग दिलाय का, ते विचारा.

मग कूलर. बाहेरून आलेल्या माणसाला कूलर म्हणजे एक वस्तू वाटते. इथे तो घराच्या बांधकामाचा भाग आहे. खिडकीबाहेर किंवा बाल्कनीत स्टँड आहे का, खिडकी कूलरच्या तोंडाएवढी उघडते का की ग्रिल आडवं येतं, जवळ प्लग आहे का, पाण्याचा पाइप तिथवर पोचतो का, हे एकेक करून पाहा. स्टँड नसेल तर भिंतीत भोकं पाडावी लागतील, आणि नेमकं त्यावरून घर सोडताना डिपॉझिटमधून पैसे कापले जातात. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पाणी ठिबकलं तर तीही तक्रार तुमच्याच नावावर जमा होईल.

पाण्याचं विचारताना “पाणी येतं का?” असं विचारू नका, त्याचं उत्तर नेहमी “भरपूर” असंच असतं. कुठलं येतं ते विचारा. मनपाच्या हद्दीत ऑरेंज सिटी वॉटरचं मीटर आणि बिल असतं. बेसा-बेलतरोडीकडच्या बऱ्याच स्कीम बोअरवेलवर चालतात, आणि एप्रिल-मेमध्ये टँकर आला की त्याचा खर्च मेंटेनन्सच्या वर वेगळा वाटला जातो. मागच्या उन्हाळ्यात टँकर किती आले, हे मॅनेजरपेक्षा चौकीदाराला विचारा. तळमजल्याचा फ्लॅट असेल तर पावसाचंही विचारा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट भागात तळमजल्यांच्या घरात पाणी शिरलं होतं. नरेंद्रनगरचा रेल्वे अंडरब्रिजही जोराच्या पावसात भरतो. घर पलीकडे असेल तर येण्याजाण्याचा दुसरा रस्ता पाहून ठेवा.

शेवटी मीटर. फ्लॅटला स्वतंत्र मीटर असेल तर ग्राहक क्रमांक लिहून घ्या आणि महावितरणच्या ॲपवर थकबाकी पाहा. बंगल्याच्या वरच्या मजल्याला बहुधा सबमीटर असतो, म्हणजे मालकाच्याच मीटरखाली तुमचे युनिट मोजणारा. तिथे भांडण दराचं असतं. घरगुती विजेचा दर १००, ३०० आणि ५०० युनिटच्या टप्प्यांनी चढत जातो. दोन कुटुंबांचा वापर एकाच मीटरवर आला की बिल वरच्या टप्प्यात जातं आणि मालक सगळ्यात वरचा दर लावून तुमचे युनिट मोजतो. उन्हाळ्यात हा फरक चांगलाच जाणवतो. स्वतंत्र मीटर नसेल तर प्रतियुनिट दर आधीच ठरवा आणि करारात लिहा.

या फेरीत जे जे खटकलं ते फोनमध्ये टिपून ठेवा, तिथल्या तिथे तोंड वेंगाडू नका. फ्लॅटमध्ये उभं राहून खोट काढली की मॅनेजर बचावाला उतरतो. हीच यादी दुसऱ्या दिवशी फोनवर एकदम मांडली की तिला वजन येतं.

पायरी ४: आकडा

आधी त्याच स्कीममधला चालू दर काढा. आसपासच्या भागाचा दर सांगाल तर “ती स्कीम वेगळी, ही वेगळी” हे उत्तर मॅनेजरकडे तयार असतं. त्याच इमारतीतल्या भाडेकरूने काय दिलं याला उत्तर नसतं. चौकीदार, खालचा किराणावाला, गाडी धुणारा पोरगा या तिघांना रिकामे फ्लॅट आणि भाडी दोन्ही माहीत असतात. “किरायाने देणे आहे” अशी पाटी किती दिवसांपासून लागली आहे, हेही तेच सांगतात. आणि बोलणीत सगळ्यात उपयोगाची माहिती तीच.

मग एकच आकडा सांगा, कारणासकट. चौदा हजार मागत असतील आणि त्याच स्कीममध्ये तेरा चालू असेल, तर “काही कमी-जास्त होईल का?” असं न विचारता “तिसऱ्या मजल्यावरचा तसाच फ्लॅट तेराला गेला आहे, मी तेरा द्यायला तयार आहे, एक तारखेपासून राहायला येतो” असं बोला. मॅनेजरला मालकापुढे ठेवायला एक पूर्ण वाक्य लागतं. ते वाक्य तुम्ही त्याला बनवून द्या.

मालक नाही म्हणाला तर दोनदा विचारू नका. इथून पुढचा हिशेब मांडून पाहा. महिना ५०० रुपये कमी झाले तर वर्षाला सहा हजार वाचतात. चौदा हजारांवर वार्षिक वाढ १० टक्क्यांऐवजी ५ टक्के लिहून घेतली, तर दुसऱ्या वर्षी महिन्याला ७०० म्हणजे वर्षाचे ८,४०० वाचतात. भाडं दहा दिवस उशिरा सुरू झालं तर साडेचार हजारांच्या वर. घर सोडताना रंगासाठी एक महिन्याचं भाडं कापण्याचं कलम काढून टाकलं तर सरळ चौदा हजार. यातल्या शेवटच्या तिन्ही गोष्टींत मालकाच्या कानावर पडणारा आकडा चौदाच राहतो, आणि मॅनेजरला तेवढंच सांभाळायचं असतं.

पायरी ५: अटी

बोलणं साधारण कसं चालतं, ते पाहा.

“सर, किराया चौदाच आहे. मालक खाली येऊनच नाही राहिले.”

“राहू द्या चौदा, भाऊ. मालकांना त्रास नको. पण मग बाकीचं आपण दोघं बसून ठरवू.”

“बाकीचं म्हणजे?”

“वाढ, रंग, कूलरचा स्टँड, नोटीस. मी दोन वर्षं राहणार आहे, तुम्हाला दर अकरा महिन्यांनी नवीन माणूस शोधायला नको.”

“दोन वर्षं पक्कं ना? नाहीतर मागच्यासारखं सहा महिन्यांत पळाल.”

या शेवटच्या वाक्यात मॅनेजरची सगळी दुखरी नस आहे. त्याला दोनच गोष्टींची भीती: फ्लॅट रिकामा पडणं आणि रात्री-बेरात्री फोन येणं. तुमच्याकडून या दोन्हींचा दिलासा मिळत असेल तर तो अटींवर सैल होतो. ऑफर लेटर दाखवा. भाडं दर महिन्याच्या एक तारखेला बँकेतून आपोआप जाईल असं सांगा. पाचशे रुपयांच्या आतली किरकोळ दुरुस्ती स्वतः करून घेईन, त्यासाठी फोन करणार नाही, हे कबूल करा. हा शेवटचा मुद्दा जवळजवळ प्रत्येक वेळी चालतो आणि तुम्हाला वर्षाकाठी दोन नळ आणि एक फ्लश एवढाच खर्च येतो. मात्र मोटर, गीझर, वायरिंग, गळती ही मालकाची, हे त्याच वाक्यात म्हणा.

आता मागायचं काय.

वाढ. करारात “परस्पर संमतीने वाढ” असं लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ “तेव्हा बघू” एवढाच. टक्का लिहून घ्या.

लॉक-इन, म्हणजे घर सोडता येणार नाही असे सुरुवातीचे महिने. तुम्हाला सहा महिने बांधत असतील तर मालकालाही तेवढेच महिने बांधा. एकतर्फी लॉक-इन असलेले तयार छापील करार फिरत असतात, मॅनेजरनेही ते वाचलेले नसतात. बदलीची नोकरी असेल तर “बदलीचा आदेश दाखवल्यास लॉक-इन लागू नाही, एक महिन्याची नोटीस पुरेशी” हे कलम मागा. नागपुरात सरकारी आणि बँकेचे भाडेकरू इतके आहेत की या मागणीने कुणी चकित होत नाही.

रंग आणि सफाई. येताना रंगवलेला फ्लॅट मिळत असेल तर जाताना रंगाचे पैसे मागणं समजू शकतो. येताना भिंतीवर आधीच्या पोराच्या पेन्सिलीच्या रेघा असतील तर नाही. दोन पर्याय ठेवा: आत्ता रंग लावून द्या, नाहीतर जाताना कापायचा नाही. मॅनेजर बहुधा दुसरा निवडतो. तुम्हालाही तोच परवडतो.

कूलर. “भाडेकरू कूलरसाठी स्टँड बसवू शकेल व त्यासाठी पाडलेल्या भोकांबद्दल कपात होणार नाही.” बाहेरचा माणूस हे कलम वाचून हसेल. हसू द्या. स्टँड मालकानेच बसवून दिला तर आणखी चांगलं. खिडक्यांना डासांच्या जाळ्या नसतील तर त्याही याच वेळी मागा. एकदा राहायला गेलात की जाळ्या कुणी बसवून देत नाही.

मेंटेनन्स. भाड्यात धरलाय की वेगळा, आणि सोसायटीने वाढवला तर वाढ कुणी द्यायची? हे न लिहिल्यामुळे जेवढे वाद होतात तेवढे भाड्यावरून होत नाहीत. सहकारी गृहनिर्माण संस्थेत फ्लॅट भाड्याने दिल्याबद्दल मालकाला बिनभोगवटा शुल्क लागतं. २००१ च्या शासन आदेशाप्रमाणे ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. नागपुरातल्या बऱ्याच इमारती मात्र अपार्टमेंट कायद्याखालच्या आहेत, तिथे त्यांच्या संघटनेचे नियम चालतात. कसंही असलं तरी ते शुल्क मालकाचं. तुमच्या माथी मारलं जात असेल तर आकडा विचारा आणि मग बोला.

पार्किंग. “एक कार, एक टू-व्हीलर, शेडखाली” असं क्रमांकासह लिहून घ्या. उन्हात उभ्या कारमध्ये मे महिन्यात दुपारी बसून पाहिलंत की कलमाचं महत्त्व कळेल.

डिपॉझिट. दोन महिन्यांचं सर्रास मागतात, फर्निचरसकट दिलेल्या फ्लॅटला जास्त. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा आहे, पण तो नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. तेव्हा मोबाइलवर फिरणारे “नवीन भाडे नियम” दाखवून मॅनेजरला दम देऊ नका. तो रोज असे चार पाहतो. त्याऐवजी परतीची तारीख मागा: किल्ली दिल्यापासून किती दिवसांत, कोणत्या खात्यात, आणि कपात झाली तर बिलासकट. डिपॉझिट मालकाच्या खात्यातच भरा. मॅनेजर “माझ्या खात्यात टाका, मी पाठवतो” म्हणाला तर मालकाकडून तसं लिहून आणायला सांगा. आणलं नाही तर त्या फ्लॅटचा नाद सोडा. या एका मुद्द्यावर सौजन्य दाखवायचं कारण नाही.

आडनाव, जेवण, एकटी मुलगी, “बॅचलर नाही चालत” याबद्दलही बोललं पाहिजे. हे प्रश्न इथेही विचारले जातात, आणि कधी कधी दुसऱ्याच शब्दांत. ज्या मॅनेजरने पहिल्याच फोनवर आडनावावरून सूर बदलला त्याच्याशी बोलणी करण्यात वेळ घालवू नये असं माझं मत. तिथे जिंकलात तरी दोन वर्षं त्याच माणसाशी गाठ आहे. पाहुणे, येण्याजाण्याची वेळ, स्वयंपाक यांवर अट असेल तर ती डिपॉझिट देण्याआधीच तोंडावर विचारून घ्या.

पायरी ६: बोललेलं लिहून पाठवा

फोन ठेवल्यावर तासाभरात मॅनेजरला एक मेसेज टाका. साधा, असा:

“नमस्कार भाऊ, आज आपलं ठरलं ते लिहितो. किराया १४,०००, मेंटेनन्स धरून. सुरुवात महिन्याच्या ११ तारखेपासून, किल्ली एक तारखेला. मुदत २४ महिने, दुसऱ्या वर्षी वाढ ५ टक्के. लॉक-इन दोन्हीकडून सहा महिने, बदली झाल्यास नाही. डिपॉझिट २८,००० मालकांच्या खात्यात, किल्ली परत दिल्यावर १५ दिवसांत परत. रंगाची कपात नाही. कूलर स्टँड मालक बसवून देतील. काही चुकलं असेल तर कळवा, नाहीतर याप्रमाणेच करार बनवू.”

उत्तरात नुसता अंगठा आला तरी चालेल. मग करार बनवणाऱ्याला हाच मेसेज पाठवा आणि कच्चा मसुदा आधी वाचायला मागा. ठरलेल्या अटींपैकी एखादी मसुद्यात गळलेली असते. ती बहुधा मुद्दाम गाळलेली नसते, जुन्याच फाइलमध्ये नाव बदलून दिलेलं असतं. तरी वाचा.

पायरी ७: नोंदणी टाळू देऊ नका

“स्टॅम्पवर लिहू, नोटरी करू, झालं काम” हे वाक्य नक्की ऐकायला मिळेल. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा (ठरावीक मुदतीसाठी जागा वापरायला देण्याचा) करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत अकरा महिन्यांची असो की कितीही. नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. शिवाय वाद झाला तर भाडेकरू सांगेल त्या अटी, उलट सिद्ध होईपर्यंत, खऱ्या धरल्या जातात. हे मॅनेजरला सांगताना धमकीच्या सुरात सांगू नका. “मालकांच्याच सोयीचं आहे” म्हणा, आणि ते खरंही आहे.

खर्चाचा बाऊ करण्यासारखं काही नाही. मुद्रांक शुल्क म्हणजे मुदतीतलं एकूण भाडं, अधिक डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरलेलं व्याज, या बेरजेच्या ०.२५ टक्के. चौदा हजार भाडं, अठ्ठावीस हजार डिपॉझिट आणि अकरा महिने धरले तर हे चारशेच्या घरात जातं. शहरी हद्दीत नोंदणी फी एक हजार. दोन वर्षांचा एकच करार केला तर शुल्क साडेआठशेच्या आसपास, पण नोंदणी फी एकदाच. अकरा-अकरा महिन्यांचे दोन करार करण्यापेक्षा तो स्वस्त पडतो, आणि करार करून देणाऱ्या एजंटाची फीही एकदाच जाते. हा खर्च निम्मा-निम्मा सुचवा. मॅनेजर अडून बसला आणि बाकी अटी मनासारख्या मिळाल्या असतील तर सगळा उचला, त्याबदल्यात आणखी एखादी अट मागून घ्या.

नोंदणी ऑनलाइन होते. आधारवर अंगठ्याचा ठसा घ्यायला एजंट मशीन घेऊन घरी येतो, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात खेटे घालायला लागत नाहीत. मालकाच्या वतीने मुखत्यार ठसा देत असेल तर मुखत्यारपत्राचा उल्लेख करारात आला पाहिजे. भाडेकरूची माहिती पोलिस ठाण्यात देणं हे मालकाच्या बाजूचं काम. मॅनेजर ते तुमच्यावर ढकलेल. भांडण्याऐवजी फोटो आणि कागद द्या, पोच मात्र मागून घ्या.

पायरी ८: किल्ली घेताना आणि मुदत संपताना

किल्ली हातात आली की सामान चढवण्याआधी मोबाइलवर सगळ्या खोल्यांचा व्हिडिओ काढा. नळ उघडून, पंखे लावून, गीझर चालू करून. भिंतीवरची ओल, फुटकी टाइल, दाराचं सुटलेलं बिजागर जवळून घ्या. वीज आणि पाण्याच्या मीटरचे आकडे दिसतील असे फोटो काढा आणि त्याच दिवशी मॅनेजरला पाठवा. पंखे, ट्यूबलाइट, पडद्यांचे रॉड यांची यादी कराराला जोडलेली असेल तर ती हातात धरून एकेक मोजा.

मुदतीची तारीख कॅलेंडरवर दोन महिने आधी लावून ठेवा. करार संपूनही घर सोडलं नाही तर त्याच भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ प्रमाणे मालकाला भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते, आणि जागा परत मिळवायला तो सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) जाऊ शकतो. “राहा हो, नंतर करू करार” असं मॅनेजर प्रेमाने म्हणतो आणि तेव्हा ते खरंही असतं. पण मालकाचा मुलगा लग्न ठरवून नागपूरला परत येणार असं कळलं की मॅनेजरचा सूर एका दिवसात बदलतो. दोन महिने आधी विचाराल तर बोलणी तुमच्या बाजूने झुकलेली असते: भाडं वेळेवर गेलंय, तक्रार नाही, आणि नवीन माणूस आणायचा म्हणजे त्याला पुन्हा रंग, पुन्हा दलाली, पुन्हा रिकामा महिना. वाढ पाचवरून तीनवर येते ती याच वेळी.

सोडायचं ठरलं असेल तर नोटीस मेसेज आणि ईमेल दोन्हीवर द्या, करारात लिहिलेल्या पत्त्यावर. शेवटच्या महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करू का, असं तुम्हीच सुचवून पाहा. कितीतरी मॅनेजर मान्य करतात, कारण मालकाकडून पैसे परत काढणं त्यांनाही जिवावर येतं. शेवटच्या दिवशी वीज आणि पाण्याची बिलं भरून पावत्या पाठवा, मीटरचे फोटो पुन्हा काढा, आणि किल्ली परत देताना “किल्ली मिळाली, डिपॉझिट अमुक तारखेपर्यंत” एवढं मॅनेजरकडून तिथेच उभं राहून लिहून घ्या.